जुन्या ट्रॅक्टरचं ढिल्लं स्टेअरिंग: सुरुवात चाकाकडून करा, बॉक्सकडून नको

आमच्याकडे १९८४ चा मॅसी फर्ग्युसन १०३५ आहे. आबांनी घेतलेला. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या काळ्या रानात त्यानं नांगरट केली, मालदांडीची पेरणी केली, उसाच्या ट्रॉल्या ओढल्या. इंजिन अजून एका झटक्यात उठतं. पण तीन वर्षांपूर्वी स्टेअरिंगला इतका प्ले (ढिलाई) आला होता की वीतभर फिरवल्याशिवाय पुढची चाकं हलतच नव्हती. आबा म्हणायचे, "जुनी गाडी हाय, हात बसला की चालतंय." खरंच हात बसतो, आणि धोका तिथंच आहे. प्ले रोज थोडा थोडा वाढतो आणि आपण रोज थोडं थोडं सांभाळून घेतो.

उसाच्या हंगामात रात्री मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या होत्या आणि समोरून बस आली. मी डावीकडे घेतलं, गाडीनं उशिरा ऐकलं, आणि ऐकलं तेव्हा जास्तच ऐकलं. डावं चाक साईडपट्टीच्या खाली उतरलं. ट्रॉल्या उलटल्या नाहीत, एवढंच. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं थेट स्टेअरिंग बॉक्सला, म्हणजे चक्राखालच्या गिअरच्या पेटीला हात घातला, शिम (झाकणाखालच्या पातळ चकत्या) काढले, झाकण आवळलं. रस्त्यावर सरळ चालताना बरं वाटलं. संध्याकाळी बांधाकडेला वळवायला गेलो तर पूर्ण वळणावर स्टेअरिंग अडकलं, सोडता येईना. पुढं विहीर असती तर?

त्यानंतर मी हे काम नीट शिकून घेतलं. दोन मिस्त्री, एक टर्नर (लेथवाला), जुनी पुस्तिका आणि स्वतःचे काळे झालेले हात, एवढ्यांकडून जे कळलं ते खाली लिहितोय. उदाहरणं मॅसीची आहेत, पण तपासायची पद्धत साध्या, म्हणजे बिनपॉवरच्या स्टेअरिंगच्या कुठल्याही जुन्या ट्रॅक्टरला लागू पडते.

## १. आधी समजून घ्या: प्ले एका जागी नसतो

स्टेअरिंगच्या चक्रापासून टायरपर्यंत साखळी आहे. चक्राचा आटा, कॉलमचं (चक्राखालच्या दांड्याचं) बेअरिंग, बॉक्समधला वर्म (आट्याचा दांडा) आणि नट, सेक्टर (दातेरी तुकडा), ड्रॉप आर्म (बॉक्सच्या बाहेरचा लोंबता दांडा), ड्रॅग लिंक (तिथून चाकाकडे जाणारा रॉड), तिच्या दोन्ही टोकांचे बॉल जॉईंट (गोळीचे सांधे), स्पिंडलवरचा (चाक ज्यावर वळतं त्या उभ्या दांड्यावरचा) आर्म, स्पिंडलचे बुश (दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या), आणि शेवटी हबचे (चाकाच्या मधल्या गाभ्याचे) बेअरिंग. प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई आली तरी चक्राच्या कडेला ती वीतभर होऊन दिसते.

मॅसी १०३५ च्या जुन्या बांधणीत बॉक्सच्या दोन्ही बाजूंना एकेक ड्रॉप आर्म असतो आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र ड्रॅग लिंक जाते. दोन्ही चाकांना जोडणारा आडवा टाय रॉड नसतो. म्हणजे बॉल जॉईंट चार. काही ट्रॅक्टरांत एकच ड्रॉप आर्म, एक ड्रॅग लिंक आणि पुढं आडवा टाय रॉड असतो. तुमच्या गाडीत काय आहे ते खाली वाकून बघा आणि कागदावर रेघोट्या मारून काढा. हा कागद पुढं फार उपयोगी पडतो.

चक्राच्या कडेला एक ते दीड इंच प्ले असला तर जुन्या गाडीला तो ठीक आहे. शून्य करायच्या मागं लागू नका. शून्य प्ले म्हणजे कुठंतरी काहीतरी जास्त आवळलंय.

## २. काम कधी काढायचं

आपल्याकडे कारखान्यांचा हंगाम संपला, ज्वारीची रास घरात आली की मोकळीक मिळते. एप्रिल-मे बरा. रोहिण्या निघायच्या आत गाडी रानात जायला तयार पाहिजे. सोलापूरच्या उन्हात दुपारी पान्याला हात लावता येत नाही, म्हणून पहाटे सहा ते दहा काम करा. दोन दिवस धरा, आणि लेथचं काम निघालं तर चार. घाईत, उद्या पेरणी आहे म्हणून हे काम काढू नका. अर्धवट जोडलेल्या स्टेअरिंगवर रानात गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

## ३. काय काय जवळ पाहिजे

हत्यारं:

- इंची पाने. हे मी मुद्दाम पहिलं लिहितोय. जुन्या मॅसीवर बरेच नट-बोल्ट इंची आहेत. १९ चा पाना पाऊण इंचाला चालून जातो, २४ चा १५/१६ ला चालतो, पण ९/१६ ला १४ बसत नाही आणि १५ घसरतो. घसरला की नटाची कड गेली.
- हायड्रोलिक जॅक, दोन मजबूत लोखंडी घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), लाकडाचे ओंडके आणि पाचरी
- पहार, दोन हातोडे, पितळी रॉड, सेंटर पंच, स्टेअरिंग काढायचा पुलर
- बारीक माप घ्यायचा व्हर्नियर (टर्नरकडून मागून आणला तरी चालेल), मेजरिंग टेप, खडू, दोरी
- ग्रीस गन, मल्टिपर्पज ग्रीस, ९० नंबरचं गिअर ऑईल
- धुवायला डिझेल, तारेचा ब्रश, स्वच्छ फडकी, पसरट ताट
- नवीन स्प्लिट पिना, वेगवेगळ्या मापाच्या. जुनी पिन सरळ करून परत घालू नका.

कागद: स्पेअरच्या दुकानात जाताना आरसी बुक न्या. त्यावर चेसिस नंबर आणि उत्पादनाचं साल असतं. "१०३५ चा बुश द्या" म्हटलं की दुकानदार विचारतो, कुठल्या सालाची? त्याबरोबर जुना पार्टही न्या आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून बघा. आणखी एक: शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, पुढं दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्या वेळी गाडी दाखवावी लागते. तुमच्या एमएच १३ ची तारीख जवळ आली असेल तर हे काम त्याआधी उरका.

## ४. तपासणी: अर्धं काम इथंच आहे

गाडी सपाट जागी लावा. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, गिअरमध्ये ठेवा, ब्रेक लॉक करा. इंजिन बंद.

पहिली फेरी, चाकं जमिनीवर. एकाला सीटवर बसवा. त्यानं चक्र डावी-उजवी फक्त प्लेपुरतं हलवत राहायचं, चाक वळवायचं नाही. तुम्ही खाली बसून एकेका सांध्यावर बोट ठेवा, असं की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं. ड्रॅग लिंक हलते पण आर्म थांबूनच आहे, म्हणजे तो बॉल जॉईंट गेला. ड्रॉप आर्मच्या आतला शाफ्ट फिरतो आणि आर्म मागाहून येतो, म्हणजे आर्मचा नट सैल आहे किंवा आतले दात झिजलेत. चक्र फिरतं पण ड्रॉप आर्म थांबून राहतो, तर तो प्ले बॉक्सचा.

बॉक्सचे फाउंडेशन बोल्टही याच वेळी बघा. चक्र हलवताना अख्खा बॉक्सच हलत असेल तर पुढचं काही करायच्या आधी ते आवळा. नंतर चक्र धरून वर-खाली ओढून बघा. तिथं खडखड लागली तर कॉलमचं बेअरिंग.

दुसरी फेरी, चाकं वर. इथं सगळ्यात मोठा धोका आहे. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डोलतो. ॲक्सलच्या मध्याखाली जॅक लावून उचललं की गाडीचं नाक एका अंगाला कलतं. म्हणून आधी ॲक्सल आणि वरचा फ्रंट सपोर्ट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोका. मग उचला, आणि उचलल्यावर घोड्या लावा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली अंग घालू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

आता टायर वर आणि खाली असं धरा आणि आत-बाहेर हलवा. खटखट आली तर दोन शक्यता: हबचं बेअरिंग किंवा स्पिंडलचा बुश. ओळखायचं असं. दुसऱ्या माणसानं टायर हलवायचा आणि तुम्ही स्पिंडल ॲक्सलमध्ये जिथं शिरतो तिथं बोट ठेवायचं. तिथं हालचाल लागली तर बुश. तिथं शांत आहे आणि तरी टायर हलतोय तर बेअरिंग. मग पहार ॲक्सलखाली घालून ॲक्सल पुढं-मागं रेटा; मधल्या पिनेचा बुश गेला असेल तर कळतो. ह्या पिनेकडे कुणी बघत नाही, आणि ती झिजली की बाकी सगळं नवीन टाकूनही गाडी रस्त्यावर सापासारखी चालते.

प्रत्येक सांध्याचा निकाल त्या कागदावर लिहा. आमच्या गाडीला दोन बॉल जॉईंट, चारही बुश, डावा हब आणि मधली पिन निघाली. बॉक्सचा वाटा सगळ्यात कमी होता. आणि मिस्त्रीनं आवळलेला होता तो बॉक्स.

## ५. हब बेअरिंग

सगळ्यात सोपं काम. हबची टोपी काढा, स्प्लिट पिन काढा, नट काढा, हब ओढा. बेअरिंग डिझेलमध्ये धुवा. रोलरवर खड्डे, निळसर डाग किंवा ओरखडे दिसले तर बाहेरच्या कपासकट नवीन टाका. कप जुना आणि रोलर नवीन असं चालत नाही. ऑईल सील नवीनच घाला, नाहीतर चिखलणीचं पाणी आत जातं. ग्रीस तळव्यावर घेऊन रोलरच्या फटीत दाबून भरा. नट आवळताना चाक हातानं फिरवत राहा, जड लागलं की थांबा, मग साधारण एक खाच मागं घ्या आणि पिन घाला.

## ६. स्पिंडल आणि बुश: इथं पैसे वाया जातात

काळ्या मातीचं रान, त्यात भरलेल्या ट्रॉल्या. चढावर ट्रॉल्यांचं ओझं मागं ओढतं, पुढची चाकं हलकी होतात आणि खड्ड्यात आदळतात. तो मार बुशवर बसतो. धूळ ग्रीसमध्ये मिसळली की ती कानससारखी घासते.

स्पिंडल काढायच्या आधी वरचा आर्म आणि स्पिंडल यांच्यावर सेंटर पंचनं जोडीची खूण करा. आर्म एक दात चुकीचा बसला तरी चाक वाकडं राहतं. स्पिंडल खाली काढताना थ्रस्ट बेअरिंग आणि वायसर कुठल्या क्रमानं निघाले त्याचा मोबाईलवर फोटो काढा.

आता व्हर्नियर. स्पिंडल जिथं बुशमध्ये बसतो तिथं एकदा पुढून-मागून आणि एकदा डावी-उजवीकडून माप घ्या. दोन्ही मापं सारखी नसतील तर स्पिंडल अंडाकृती झालाय. आम्ही पहिल्या वेळी एवढंच चुकलो: नवीन बुश जुन्या, झिजलेल्या स्पिंडलवर बसवले. दोन महिन्यांत खटखट परत आली. अर्धा मिमीच्या पुढं झीज असेल तर मी स्पिंडल बदला म्हणेन. वेल्डिंगचा भराव देऊन लेथवर उतरवून देणारे भेटतात, स्वस्तही पडतं. पण स्पिंडलला वेल्डिंगची आच लागली की तो पोलाद कुठं ठिसूळ होईल ते सांगता येत नाही, आणि तो तुटला की अख्खं चाक बाजूला पडतं. ह्या एका भागावर पैसे वाचवू नका. खर्च झेपत नसेल तर थोडं थांबा, तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.

बुश बसवायला लेथवाल्याकडे जा. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला तसं काम करणारे मिळतात. हातोड्यानं ठोकलेला बुश कडेला पसरतो आणि आतून वाकडा होतो. प्रेसमध्ये दाबून घ्या आणि मग रीमर फिरवून स्पिंडलच्या मापाचा करून घ्या. स्पिंडल हातानं सरकला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये.

आणि हे टर्नरला स्वतः उभं राहून सांगा: बुशचं भोक ग्रीस निप्पलच्या भोकासमोर आलं पाहिजे. दाबताना बुश थोडा फिरला की भोक बंद होतं. बाहेरून सगळं चकचकीत दिसतं, ग्रीस गन मारली तर निप्पलमधूनच परत येतं, आणि आपण म्हणतो निप्पल चोंदलंय. बुश आत कोरडा झिजत राहतो. बसवल्या बसवल्या गन मारा. ग्रीस बुशच्या आतल्या बाजूला उमटलं तरच पुढं जा.

मधल्या पिनेलाही हाच नियम.

## ७. बॉल जॉईंट

काढायच्या आधी ड्रॅग लिंकची लांबी एका बॉलच्या मध्यापासून दुसऱ्या बॉलच्या मध्यापर्यंत टेपनं मोजून लिहा. जॉईंट किती आटे फिरून बाहेर आला तेही मोजा. रॉडच्या एका टोकाला उजवा आटा आणि दुसऱ्याला डावा असू शकतो. उलटा जोर लावून आटे घालवू नका.

बॉलचा दांडा टेपर (निमुळता) असतो, म्हणून नट काढला तरी तो सुटत नाही. दांड्याच्या आट्यावर हातोडा मारायचा नाही. आर्मच्या ज्या डोळ्यात तो बसलाय, त्या डोळ्याच्या दोन्ही अंगांना दोन हातोडे एकाच वेळी मारा. चार-पाच ठोक्यांत सुटतो. सुटल्यावर डोळ्याचं भोक आतून बघा. तेच मोठं किंवा लांबट झालं असेल तर नवीन जॉईंट आठवड्यात ढिला होईल, आर्म बदलावा लागेल. बसवताना टेपर कोरडा आणि स्वच्छ ठेवा, तिथं ग्रीस लावायचं नाही.

आपल्याकडे चालणारे दोन उपाय मी हात जोडून सांगतो, करू नका. एक, बॉलच्या कपात जुन्या ट्यूबचा तुकडा कोंबणं. दोन, जॉईंटला वेल्डिंग मारणं. पहिल्यानं झीज झाकली जाते आणि बॉल कपातून निसटेपर्यंत कळत नाही. दुसऱ्यानं सांधा सांधाच राहत नाही, तो रॉडला वाकवून मोडतो.

## ८. शेवटी बॉक्स, आणि तोही गरज असेल तरच

एवढं झाल्यावर प्ले परत मोजा. बहुतेक गाड्यांत इथं काम संपतं.

संपलं नाही तर आधी ऑईल बघा. बॉक्समध्ये ९० नंबरचं गिअर ऑईल पाहिजे. ड्रॉप आर्मचं सील गळतं म्हणून कितीतरी जण आत ग्रीस भरतात. ग्रीस एकदा वर्मपासून बाजूला झालं की परत त्याच्याकडे जात नाही, वर्म कोरडा चालतो. गळत असेल तर सील बदला.

आवळायच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. गाडी आयुष्यभर जास्त वेळ सरळ चालते, म्हणून वर्म आणि सेक्टरचे दात मधोमध जास्त झिजतात, कडेला कमी. मधला प्ले जाईपर्यंत आवळलं की कडेचे न झिजलेले दात एकमेकांत अडकतात. आमची गाडी बांधाकडेला अडकली ती ह्यामुळं. म्हणून चाकं वर उचललेली असताना एका वेळी एक पातळ शिम काढा, किंवा ॲडजस्टिंग बोल्ट असेल तर पाव फेरा, आणि प्रत्येक वेळी चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. कुठंही जड लागलं तर एक पाऊल मागं.

त्यानंही भागत नसेल तर बॉक्स उतरवून आतले पार्ट बदलावे लागतात. डॅशबोर्ड, वायरिंग, थ्रॉटलची जोडणी सगळं सुटं करायचं काम आहे. पहिल्यांदाच करत असाल तर जाणत्या मिस्त्रीला सोबत घ्या. चक्र काढताना पुलर लावा. शाफ्टच्या डोक्यावर घण मारला की धक्का थेट आतल्या बेअरिंगला बसतो. नट आणि वर्मच्या मधल्या गोळ्या ताटावर काढा, मोजा, आणि बदलायच्या तर सगळ्या एकदम बदला. दोन्ही बाजूंचे सेक्टर एकमेकांत कुठल्या दाताला बसलेत त्यावर सोडायच्या आधी खूण करा. दात चुकला तर एक चाक पूर्ण वळतं आणि दुसरं अर्ध्यात थांबतं.

## ९. चाकांची दिशा

चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे घेतं ते मोजा आणि बरोबर निम्म्यावर आणून थांबवा, चक्राला दोरी बांधून ठेवा. आता दोन्ही ड्रॅग लिंकची लांबी अशी जुळवा की दोन्ही चाकं सरळ येतील. हबच्या उंचीवर दोन्ही टायरना पुढच्या बाजूला मधल्या रेघेवर खडूची खूण करा, अंतर मोजा. गाडी ढकलून चाक अर्धा फेरा फिरवा, त्याच खुणा मागं आल्या की परत मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी पाहिजे. जुन्या ट्रॅक्टरांना साधारण शून्य ते ६ मिमी. तुमच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. मागचं अंतर कमी आलं तर गाडी भटकते आणि टायर महिन्याभरात कातरल्यासारखे झिजतात.

लॉक नट आवळा, सगळ्या स्प्लिट पिना उघडून वाकवल्यात का ते हातानं चाचपून बघा. डोळ्यानं नाही, हातानं.

## १०. चाचणी आणि पुढची देखभाल

पहिली फेरी मोकळ्या रानात, ट्रॉली न जोडता, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आठाचा आकडा काढा. वळवल्यावर चक्र हलकं सुटतंय का बघा. मग रिकामी ट्रॉली, मग भरलेली. १० तास चालल्यावर परत सगळे नट तपासा, नवीन पार्ट बसताना थोडे सैल होतातच.

ग्रीस हंगामात रोज सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी. निप्पल आधी फडक्यानं पुसा, नाहीतर त्यावरची माती आपण स्वतःच आत ढकलतो. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत गन मारा. सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्यानं गाडी धुतली तर त्याच दिवशी परत ग्रीस मारा, कारण ते पाणी सांध्यात शिरतं.

आमच्या गाडीचा प्ले आता सव्वा इंचावर आहे. दर अमावस्येला, गाडी बंद असते तेव्हा, मी चक्राच्या कडेला टेप लावून मोजतो आणि आरसीच्या पाकिटात ठेवलेल्या त्या कागदावर तारखेसह लिहितो. दीडच्या पुढं गेला की पुन्हा कलम चारपासून सुरुवात.